अपत्यप्राप्तीचे उपचार आणि आरोग्यविमा

(मंडळाच्या टाकवे बुद्रुक येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



वार्षिक संमेलनात बोलावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरसूचक केंद्राचा अहवाल, लग्नखर्चाची काटकसर, वसतिगृहाची इमारत. हे सर्व विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर येथे अधिकारी वक्ते बोलतीलच. आम्ही आज जो विषय घेतला आहे तो सभेत सहसा उच्चारला जात नाही; तो माजघरात कुजबुजला जातो. लग्नास पाच-सहा वर्षे झाली तरी घरात पाळणा हलत नाही, अशा घरावर जे संकट येते, त्याच्या उपचारांचा भार कोणी सोसावा, हा तो विषय होय. तो स्त्रियांचा खासगी विषय नसून संपूर्ण समाजाच्या हिशेबाचा विषय आहे, असे आमचे मत आहे, आणि ते सकारण मांडण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

हा विषय टाकव्यातच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या भोवतीच आहे. आंदर मावळ हा पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीचा मुलूख. आज टाकव्याच्या आसपास कारखाने उभे आहेत, तरुण मंडळी पाळीने कामावर जातात, आणि ज्या खाचरांत काल भात लावला जात होता त्या जमिनीला आज शहरातील गिऱ्हाईक येते. त्यामुळे संकट आले की पैसा उभा करण्याचा एक मार्ग सर्वांस ठाऊक झाला आहे: एखादा तुकडा विकावा. लग्नासाठी जमीन गेली, आजारपणासाठी गेली, असे आपण ऐकत आलो; आता मूल व्हावे म्हणून जमीन जाते. तेवढ्याने मूल होतेच असेही नाही. मग जमीन गेली, मूल नाही, आणि सुनेच्या वाट्याला बोल मात्र आले, अशी तिहेरी हानी होते. अशी घरे आपल्या सर्वांच्या माहितीतील आहेत. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही.

प्रथम या आजाराचे स्वरूप पाहू. आजार हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. बारा महिने किंवा अधिक काळ, कोणतेही संततिप्रतिबंधक साधन न वापरता एकत्र राहूनही गर्भधारणा न होणे, यास जागतिक आरोग्य संघटनेने प्रजनन-संस्थेचा आजार असे म्हटले आहे. २०२३ साली याच संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील प्रौढ माणसांपैकी सुमारे सहांत एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीस तोंड द्यावे लागते. म्हणजे ही दुर्मिळ व्याधी नव्हे, आणि पूर्वजन्मीचे पाप तर नव्हेच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा आजार एका माणसाचा नसतो, जोडप्याचा असतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकट्याने किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर आढळते. असे असता आपल्याकडे क्रम कसा लागतो? सुनेची सोनोग्राफी होते, रक्ततपासण्या होतात, गर्भनलिकांची तपासणी होते, प्रसंगी पोटात दुर्बीण घालून पाहिले जाते. आणि हे सारे आटोपल्यावर दोन-तीन वर्षांनी कोणी तरी धीर करून म्हणतो की, एकदा मुलाचीही तपासणी करून पाहावी काय? वस्तुतः पुरुषाची वीर्यतपासणी ही या सर्वांतील सर्वांत सोपी आणि अल्पखर्ची तपासणी आहे. ती पहिल्या दिवशी व्हावयास हवी. तिला भूल लागत नाही, शस्त्र लागत नाही. लागतो तो केवळ पुरुषाचा अहंकार बाजूस ठेवण्याचा मनाचा मोठेपणा.

कारणे अनेक आहेत. स्त्रीच्या बीजकोशातून वेळच्या वेळी बीज सुटत नाही, थायरॉइडचा दोष असतो, गर्भनलिका बंद झालेल्या असतात. आपल्या देशात नलिका बंद होण्याचे एक मोठे कारण क्षयरोग हे आहे. क्षय म्हटला की आपणांस खोकला आठवतो. परंतु हाच जंतू गर्भनलिकांत शिरून मुकाट्याने त्या बुजवून टाकतो आणि बाईस काही दुखल्याचेही कळत नाही. क्षयाचे औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. प्रसूतीनंतरचा किंवा गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग वेळीच बरा केला तर पुढील हानी टळते. तात्पर्य, या व्याधीचा फार मोठा भाग थोड्या खर्चात ओळखता येतो, आणि काही भाग टाळताही येतो.

वेळेचा प्रश्न मात्र निकडीचा आहे. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे गेले की गर्भधारणेची शक्यता झपाट्याने उतरू लागते. आपल्याकडील पहिली तीन-चार वर्षे नवससायासांत जातात. कार्ल्याची एकवीरा आपल्या मावळचीच. तिच्या पायरीवर कोणी पदर पसरला तर त्यास आमची हरकत असण्याचे कारण नाही. नवस करावा, पण त्याच आठवड्यात दवाखान्यातही जावे. भोंदू बाबांपासून मात्र दूर राहावे. मूल न होणाऱ्या स्त्रीस अलौकिक शक्तीने मातृत्व देतो असे सांगून तिच्याशी संबंध ठेवणे, हे कृत्य महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून स्पष्ट नमूद केले आहे. कायदेमंडळास हे वाक्य लिहावे लागले, यावरून असहाय स्त्रियांची कोणत्या थरापर्यंत फसवणूक होते याची कल्पना यावी.

आता खर्चाकडे वळू. उपचारांच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी तपासण्यांची आणि साध्या गोळ्यांची. ती काही हजारांत उरकते. दुसरी पायरी नलिका, गाठी इत्यादींच्या शस्त्रक्रियांची, अथवा पतीचे वीर्य शुद्ध करून गर्भाशयात सोडण्याची. शेवटची पायरी म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात ठेवणे, ज्याला सर्वजण आयव्हीएफ किंवा टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात. या शेवटच्या पायरीच्या एका आवर्तनास खासगी केंद्रात लाखापासून दोन-अडीच लाखांपर्यंत खर्च येतो, आणि तरुण स्त्रीच्या बाबतीतही एका आवर्तनात यश मिळण्याचे प्रमाण साधारण तिनांत एक असे असते. याचा अर्थ बहुतेकांना ते दोन-तीन वेळा करावे लागते. कंत्राटी कामगाराचे किंवा चार-पाच एकर भातशेतीच्या धन्याचे कंबरडे मोडण्यास एवढे पुरेसे आहे.

अशा ठिकाणीच विम्याचे काम असते. विमा म्हणजे दुसरे काय? जे संकट कोणावर येणार हे आधी सांगता येत नाही आणि ज्यावर आले तो एकटा ते पेलू शकत नाही, त्यासाठी सर्वांनी थोडेथोडे काढून ठेवावे. समजुतीपुरता एक हिशेब करू. हजार कुटुंबांनी वर्षास दोनशे रुपये दिले तर दोन लाख जमतात. त्यांतून एका जोडप्याचे एक आयव्हीएफ आवर्तन होईल. किंवा पाच हजारांप्रमाणे चाळीस जोडप्यांच्या पहिल्या तपासण्या होतील. दोनशे रुपये कोणास जड नाहीत. दोन लाख बहुतेकांस जड आहेत.

मग खासगी विमा कंपन्या हे का करीत नाहीत? त्याचे कारण त्यांच्या धंद्याच्या मुळाशी आहे. ज्यांना गरज आहे तेच असा विमा घेतील आणि बाकीचे घेणार नाहीत, ही त्यांची भीती. आणि ती सर्वस्वी खोटी नाही. म्हणून २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविम्यातून वगळावयाच्या गोष्टींचे जे ठरीव शब्द तयार केले, त्यांत वंध्यत्वाचे एक स्वतंत्र कलम आहे. कृत्रिम गर्भधारणा, आयव्हीएफ, इतकेच नव्हे तर केलेली नसबंदी पुन्हा उलटविण्याची शस्त्रक्रियासुद्धा त्या कलमात मोडते. काही कंपन्या अलीकडे जादा हप्ता, प्रतीक्षाकाळ आणि मर्यादित रक्कम अशा अटींवर हे संरक्षण विकतात. परंतु ते घेण्याची ऐपत असणाराच ते घेतो. आमच्या मते यातून एकच निष्कर्ष निघतो. जेथे सर्वांना सामील करून घेणे सक्तीचे किंवा आपोआप असते, अशा सार्वजनिक विम्यातच या व्याधीची सोय होऊ शकते.

असा सार्वजनिक विमा आपल्या राज्यात आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ साली ती राज्यभर पसरली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडण्यात आली, आणि २०२३ साली तिचे संरक्षण कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ते राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांस लागू करण्याचा निर्णय झाला. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, कर्करोगाच्या रुग्णांना या योजनेने जीवदान दिले आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करणे आमचे कर्तव्य आहे. परंतु आयुष्मान भारत योजनेच्या वगळलेल्या गोष्टींत वंध्यत्वाचे व कृत्रिम गर्भधारणेचे उपचार, यादीत खास समाविष्ट केले नसतील तर, मोडतात. शिवाय या योजनांची घडणच रुग्णालयात भरती होण्याभोवती आहे. मूल न होण्याच्या बहुतेक तपासण्या आणि औषधे बाह्यरुग्ण म्हणून, महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. त्यामुळे पहिली पायरीही योजनेबाहेर आणि शेवटची पायरीही योजनेबाहेर, अशी स्थिती होते.

येथे एक विसंगती आपल्या निदर्शनास आणावीशी वाटते. कुटुंबनियोजनाची नसबंदी शस्त्रक्रिया अयशस्वी झाली आणि तरीही गर्भ राहिला, तर सरकार भरपाई देते. २००५ साली यासाठी विमा योजना सुरू झाली आणि २०१३ पासून सरकार ती भरपाई स्वतः देत आहे. ही योजना योग्यच आहे. परंतु विचार करा: मूल नको असता झाले तर त्याची भरपाई आहे, मूल हवे असता होत नसेल तर मात्र तपासणीचाही आधार नाही. त्याचप्रमाणे गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया विमायोजनेच्या यादीत आहे. ते गर्भाशय फलद्रूप करण्याचा उपचार नाही. केंद्र सरकारच्या नोकरांची गोष्ट वेगळी. त्यांना अटींच्या अधीन राहून आयव्हीएफच्या तीन आवर्तनांपर्यंत, प्रत्येकी ६५,००० रुपयांच्या मर्यादेत, खर्चाची प्रतिपूर्ती मिळू शकते. जे दिल्लीच्या कारकुनास रास्त ठरते ते टाकव्याच्या कामगारास चैन कसे ठरते, हे आम्हांस उमगत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. देशाची लोकसंख्या एवढी असता मुले होण्यासाठी सरकारने पैसा का खर्चावा? हा आक्षेप जुना झाला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर स्त्रीमागे १.७ इतका आढळला, म्हणजे पिढी टिकून राहण्यास लागणाऱ्या २.१ च्या कितीतरी खाली. आणि कुटुंबनियोजन या शब्दाचा अर्थच नियोजन असा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, ते मूल केव्हा व्हावे हे जोडप्याने ठरवावे म्हणून. ज्याला नको त्याला साधन द्यावे, तसे ज्याला हवे त्याला उपचार द्यावा. हे एकाच तत्त्वाचे दोन भाग आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. विम्याचा पैसा आला की नको ते उपचारही सुरू होतात. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानात विमायोजनेखाली स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढली जात असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०२३ साली न्यायालयाने सर्व राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास सांगितले. आपल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणून आम्ही मोकळ्या हाताने पैसा द्या असे म्हणत नाही. २०२१ सालच्या साहाय्यभूत जननतंत्रज्ञान कायद्याने प्रत्येक केंद्राची नोंदणी आवश्यक केली आहे, उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असे ठरविले आहे, आणि बीजदान करणाऱ्या स्त्रीचा विमा काढणेही बंधनकारक केले आहे. नियंत्रणाची चौकट तयार आहे. त्या चौकटीत पैसा कोठून येणार हे तेवढे ठरावयाचे राहिले आहे.

हे सारे परदेशातच शक्य आहे असे कोणी समजू नये. जपानने एप्रिल २०२२ पासून आयव्हीएफ आपल्या सार्वजनिक विम्यात घेतले आणि वयाप्रमाणे आवर्तनांची मर्यादा ठरविली. फ्रान्समध्ये अशी सोय त्याआधीपासून आहे. परंतु जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर गोव्याकडे पाहावे. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ साली विनामूल्य आयव्हीएफ उपचार सुरू झाले. मुंबईच्या कामा रुग्णालयातही २०२४ साली असे सरकारी केंद्र निघाले. किंबहुना या विद्येचा आपल्या राज्यातील उगमच सार्वजनिक रुग्णालयात आहे. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जी कन्या जन्मास आली, ती मुंबई महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात. नगरपालिकेच्या दवाखान्यात रुजलेले झाड पुढे खासगी कुंपणात वाढले. ते पुन्हा सर्वांच्या अंगणात यावे, एवढीच आमची मागणी आहे.

ज्या महापुरुषाचे नाव या योजनेस आहे, त्यांच्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. जोतिराव आणि सावित्रीबाई यांना मूल झाले नाही. त्या काळी अशा पुरुषाने दुसरी बायको करणे ही सरळ रीत होती; जोतिरावांनी ती पत्करली नाही. १८७४ साली त्यांनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याने व सावित्रीबाईंनी पुण्यात रोग्यांची शुश्रूषा केली. त्यातच सावित्रीबाईंचा अंत झाला. दत्तकाने घर भरते, हे या उदाहरणावरून पुरेसे सिद्ध आहे, आणि ज्यांना तो मार्ग रुचेल त्यांना आपण मानाने साथ दिली पाहिजे. परंतु फुले यांच्या नावाच्या योजनेत निपुत्रिक जोडप्याच्या तपासणीसही जागा नसावी, हे मनास लागते.

तेव्हा सरकारकडे आपण तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात पतिपत्नी दोघांच्या प्राथमिक तपासण्या विनामूल्य व्हाव्यात आणि त्यांत पतीची तपासणी आधी असावी. वडेश्वर किंवा खांडीच्या जोडप्यास त्यासाठी पुण्याची वाट धरावी लागू नये. दुसरी, गोव्याप्रमाणे प्रत्येक महसूल विभागात किमान एका सरकारी रुग्णालयात आयव्हीएफ केंद्र असावे. तिसरी, महात्मा फुले योजनेत वयाची मर्यादा ठेवून ठरावीक आवर्तनांचा खर्च मिळावा. तो प्रथम सरकारी केंद्रांत, आणि मगच नोंदणीकृत खासगी केंद्रांत. याशिवाय आपल्यापैकी जे कारखान्यांत २१,००० रुपयांपर्यंत वेतनावर आहेत, त्यांनी आपले राज्य कामगार विम्याचे कार्ड झाले आहे की नाही हे तपासावे. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. विमाधारक स्त्रीस अटी पूर्ण झाल्यास प्रसूतीसाठी २६ आठवड्यांचा आणि गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांचा लाभ मिळतो. हक्काचे आहे ते आधी पदरात घ्यावे, आणि नाही ते मागावे.

परंतु सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी मंडळानेही काही केले पाहिजे. कारण लग्ने आपण जुळवितो आणि तुटताना मध्यस्थीही आपणच करतो. मूल नाही या एका कारणाने पत्नीस माहेरी पाठविलेल्या पुरुषाचे स्थळ आपल्या वधूवरसूचक केंद्राने नोंदवू नये. पहिली बायको असता दुसरी करणे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने गुन्हा आहेच. पण घटस्फोटाचा कागद आणणाऱ्यासही त्याची स्वतःची तपासणी झाली होती काय, हा प्रश्न मंडळाने विचारावा. शिष्यवृत्ती निधीशेजारी एक लहानसा उपचार साहाय्य निधी असावा, आणि त्यातून शेवटच्या पायरीचे स्वप्न न दाखविता पहिल्या पायरीचा खर्च द्यावा. देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव अहवालात छापू नये. आणि भगिनींनो, हे शेवटचे काम केवळ आपल्याच हातचे आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवास, ओटीभरणास, डोहाळजेवणास जिला मूल नाही तिला आधी बोलावा. त्यास विमा लागत नाही, निधी लागत नाही, सरकारी ठराव लागत नाही.

मुंबई प्रांताने १९२९ साली प्रसूतीलाभाचा कायदा केला, तेव्हाही बाळंतपण हा बाईचा खासगी प्रश्न आहे असे म्हणणारे होते. आज ते कोणी म्हणत नाही. मूल न होण्याविषयीही तसेच घडेल, अशी आमची खात्री आहे; मात्र कोणीतरी प्रथम मोठ्याने बोलले पाहिजे. ते काम आपल्या लहानशा मंडळाने येथून, टाकव्यातून करावे, या मागण्यांचा ठराव आजच्या खुल्या अधिवेशनात मांडून तो आपल्या लोकप्रतिनिधींकडे पाठवावा, अशी आम्ही नम्र सूचना करतो.